एमिग्रे (नियतकालिक)

एमिग्रे हे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातून इ.स. १९८४ ते इ.स. २००५ या काळात प्रसिद्ध झालेले स्वतंत्र इंग्रजी नियतकालिक होते. ग्राफिक डिझाइन, अक्षररचना आणि मुद्रित पानाची मांडणी हे त्याचे मुख्य विषय होत. मूळचे डच असलेले रूडी व्हँडरलान्स हे त्याचे संपादक, प्रकाशक आणि कलादिग्दर्शक होते. त्यांच्या पत्नी झुझाना लिच्को यांनी नियतकालिकासाठी अनेक अक्षरवळणे घडवली. एकवीस वर्षांत त्याचे एकूण ६९ अंक निघाले. संगणकावर तयार केलेल्या अक्षरांचा आणि मांडणीचा गांभीर्याने वापर करणाऱ्या पहिल्या नियतकालिकांत एमिग्रेची गणना होते. मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या पाठबळाशिवाय निघणाऱ्या नियतकालिकात कलादिग्दर्शन कसे घडते, त्याचा खर्च कसा भागतो आणि मांडणीचे स्वातंत्र्य वाचकाला कोठवर मानवते, या प्रश्नांच्या अभ्यासासाठी एमिग्रेचे उदाहरण वारंवार घेतले जाते.

नाव आणि स्थापना

‘एमिग्रे’ हा मूळ फ्रेंच शब्द असून मायदेश सोडून परदेशी स्थायिक झालेली व्यक्ती असा त्याचा अर्थ आहे. संस्थापकांच्या आयुष्याशी हे नाव थेट जोडलेले होते. व्हँडरलान्स यांचा जन्म इ.स. १९५५ मध्ये नेदरलँड्समध्ये झाला. हेग येथील राजेशाही कला अकादमीत त्यांचे शिक्षण झाले. इ.स. १९८१ मध्ये ते कॅलिफोर्नियात आले आणि बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी छायाचित्रणाचा अभ्यास केला. तेथेच त्यांची लिच्को यांच्याशी ओळख झाली. लिच्को यांचा जन्म इ.स. १९६१ मध्ये तत्कालीन चेकोस्लोव्हाकियातील ब्रातिस्लाव्हा येथे झाला असून बालपणीच, इ.स. १९६८ मध्ये, त्या कुटुंबासह अमेरिकेत आल्या होत्या. इ.स. १९८३ मध्ये दोघांचा विवाह झाला.

मार्क सुसान आणि मेनो मेयेस या दोन डच स्थलांतरितांच्या साथीने व्हँडरलान्स यांनी इ.स. १९८४ मध्ये पहिला अंक काढला. त्याच्या ५०० प्रती छापण्यात आल्या. दोन संस्कृतींच्या सीमेवर जगणाऱ्या कलावंतांचे साहित्य, छायाचित्रे व चित्रे प्रसिद्ध करणे हा सुरुवातीचा उद्देश होता. ग्राफिक डिझाइन हा त्या वेळी अंकाचा विषय नव्हता. ते केवळ अंक सिद्ध करण्याचे साधन होते. पुढे सुसान आणि मेयेस बाजूला झाले आणि नियतकालिकाची सर्व जबाबदारी व्हँडरलान्स व लिच्को यांच्याकडे आली.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य मुद्रणकलेत मांडणीविषयी एक दृढ समजूत तयार झाली होती. मजकूर वाचकापर्यंत विनासायास पोहोचवणे हे अक्षरांचे काम असून अक्षरांनी स्वतःकडे लक्ष वेधून घेऊ नये, असे ही समजूत सांगे. इंग्लंडमधील मुद्रणविषयक लेखिका बिआट्रिस वॉर्ड यांनी इ.स. १९३० मध्ये दिलेल्या व्याख्यानात छपाईला पारदर्शक काचेच्या पेल्याची उपमा दिली होती. पेल्यामुळे आतील मद्याचा रंग स्पष्ट दिसावा, पेल्याची नक्षी मध्ये येऊ नये, असा त्या उपमेचा आशय होता. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रसार पावलेल्या स्विस शैलीने या विचाराला शिस्तीची जोड दिली. समान अंतराच्या उभ्या-आडव्या रेषांची अदृश्य जाळी, हेल्व्हेटिकासारखी अनलंकृत अक्षरवळणे आणि मोकळ्या जागेचा सढळ वापर ही तिची प्रमुख वैशिष्ट्ये होत. व्हँडरलान्स यांचे नेदरलँड्समधील शिक्षण याच शिस्तीत झाले होते.

या चौकटीबाहेर पडण्याचे प्रयत्नही होत होते. लंडनमध्ये इ.स. १९८० मध्ये सुरू झालेल्या ‘द फेस’ या मासिकात नेव्हिल ब्रॉडी यांनी शीर्षकांसाठी स्वतःची अक्षरे रेखाटली. त्याच वर्षी टेरी जोन्स यांनी सुरू केलेल्या ‘आय-डी’ने टंकलेखन यंत्र, हस्ताक्षर आणि कापून चिकटवलेली चित्रे यांचा उपयोग केला. मात्र ही नियतकालिके संगीत आणि पेहराव या विषयांभोवती फिरत होती. मांडणी आणि अक्षर यांनाच विषय करणे हे एमिग्रेचे वेगळेपण ठरले.

नियतकालिकाच्या निर्मितीतील श्रमविभागणीही येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. रूढ पद्धतीत संपादक मजकूर ठरवी, कलादिग्दर्शक पानाचा आराखडा करी, अक्षरजुळणी करणारा व्यावसायिक मजकूर जुळवून देई आणि मुद्रक छपाई करी. खिळ्यांच्या जुळणीची जागा प्रकाशजुळणीने घेतल्यानंतरही हे काम बाहेरून, पैसे मोजून करून घ्यावे लागे. शीर्षकाचा आकार बदलायचा झाला, तरी नवा खर्च पडे. पदरच्या पैशांतून निघणाऱ्या नियतकालिकाला हा खर्च परवडणारा नव्हता. त्यामुळे एमिग्रेच्या पहिल्या अंकांतील मजकूर टंकलेखन यंत्रावर लिहून झेरॉक्स यंत्रावर लहानमोठा करून पानावर चिकटवण्यात आला. अंकाचे खडबडीत रूप ही आरंभी आर्थिक अडचणीतून निघालेली वाट होती. तिच्यामागची सौंदर्यविषयक भूमिका नंतर आकाराला आली.

मॅकिन्टॉश संगणक आणि ठिपक्यांची अक्षरे

ॲपल कंपनीचा मॅकिन्टॉश संगणक जानेवारी १९८४ मध्ये बाजारात आला. त्याची स्मृती १२८ किलोबाइट होती, तर पडद्यावर आडवे ५१२ आणि उभे ३४२ असे बिंदू होते. अनेक व्यावसायिक संकल्पकांना हे यंत्र खेळण्यासारखे वाटले, कारण त्यावरील अक्षरे दातेरी दिसत आणि छापील अक्षरांच्या सफाईच्या जवळपासही जात नसत.

लिच्को यांनी या मर्यादेकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. परंपरागत अक्षरवळणे पडद्यावर आणण्याच्या प्रयत्नात ती विद्रूप होतात. त्याऐवजी पडद्याच्या ठिपक्यांसाठीच नवी अक्षरे घडवावीत, असा त्यांचा विचार होता. ठिपक्यांच्या रांगोळीत ज्याप्रमाणे ठिपक्यांची संख्या आणि त्यांतील अंतर आकृतीचे रूप ठरवतात, त्याप्रमाणे या अक्षरांचे रूप चौकोनी बिंदूंच्या जाळीने ठरवले जाई. बिंदू एकतर काळा असे किंवा पांढरा. मधली छटा उपलब्ध नव्हती. वक्ररेषा पायऱ्यांसारखी दाखवावी लागे. अक्षराचा आकार बदलला की सारे प्रमाण बदले, म्हणून प्रत्येक आकारासाठी स्वतंत्र रेखाटन आवश्यक ठरे.

या प्रयत्नांतून इ.स. १९८५ मध्ये ‘एम्परर’, ‘ओकलंड’, ‘युनिव्हर्सल’ आणि ‘एमिग्रे’ ही अक्षरवळणे तयार झाली. तिसऱ्या अंकापासून ती नियतकालिकात वापरली जाऊ लागली. त्यामुळे अक्षरजुळणीसाठी बाहेर जाण्याची गरज संपली आणि संपादन, अक्षररचना व मांडणी ही तिन्ही कामे एकाच घरात होऊ लागली.

इ.स. १९८५ मध्ये ॲपलचे लेझररायटर हे मुद्रणयंत्र आणि अडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट ही संगणकीय भाषा यांमुळे इंचाला ३०० बिंदू इतक्या सूक्ष्मतेने छपाई शक्य झाली. लिच्को यांची पुढील अक्षरवळणे या टप्प्यातील तांत्रिक अटी दाखवतात. इ.स. १९८६ मधील ‘मॅट्रिक्स’मध्ये अक्षरांच्या टोकांवरील सेरिफ त्रिकोणी ठेवलेले आहेत. बिंदूंच्या जाळीत ४५ अंशांची तिरपी रेषा सर्वाधिक नितळ उमटते आणि सरळ रेषांनी बनलेला आकार साठवण्यास कमी स्मृती लागते, ही त्यामागील कारणे होत. ‘सिटिझन’ या अक्षरवळणात वक्ररेषेऐवजी लहान सरळ रेषांचे तुकडे जोडलेले आहेत. यंत्राची अडचण झाकण्याऐवजी तिच्यातूनच आकार शोधण्याची ही पद्धत एमिग्रेच्या संपूर्ण दृश्यरूपाचा पाया ठरली.

विषयांतर आणि आशय

इ.स. १९८८ च्या सुमारास नियतकालिकाचा रोख बदलला. नववा अंक लंडनच्या ‘४एडी’ या संगीत प्रकाशनसंस्थेसाठी वॉन ऑलिव्हर यांनी केलेल्या वेष्टनांना वाहिलेला होता. दहाव्या अंकाची सिद्धता मिशिगन राज्यातील क्रॅनब्रुक कला अकादमीच्या विद्यार्थ्यांनी केली. कॅथरिन मॅकॉय यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे ग्राफिक डिझाइनचा साहित्यसमीक्षेशी आणि भाषाविषयक सिद्धान्तांशी संबंध जोडला जात होता. मजकुराचा अर्थ एकच आणि निश्चित नसतो, वाचक तो घडवत असतो, या विचाराला पानावर दृश्यरूप देण्याचे प्रयोग तेथे सुरू होते. अकरावा अंक संगणकाविषयी संकल्पकांना वाटणारी महत्त्वाकांक्षा आणि भीती यांवर, तर इ.स. १९९० मधील पंधरावा अंक वाचनीयतेच्या प्रश्नावर आधारलेला होता.

येथून पुढे एमिग्रे हे ग्राफिक डिझाइनचे नियतकालिक म्हणूनच ओळखले जाऊ लागले. जेफ्री कीडी, एलन लप्टन, रिक पॉयनर, लॉरेन वाइल्ड, अँड्र्यू ब्लॉवेल्ट आदींचे लेख त्यात प्रसिद्ध झाले. दीर्घ मुलाखती आणि वाचकांची सविस्तर पत्रे हेही त्याचे वैशिष्ट्य होते. टीकेची पत्रेही छापली जात.

कलादिग्दर्शनाची पद्धत

बहुतेक नियतकालिकांत कलादिग्दर्शक सुरुवातीलाच काही नियम ठरवतो. स्तंभांची संख्या, मजकुराचे अक्षरवळण, शीर्षकाचे स्थान आणि समासाची रुंदी अंकागणिक बदलत नाहीत. त्यामुळे वाचकाला नियतकालिक ओळखता येते आणि अंक वेळेवर निघतो. एमिग्रेने ही पद्धत जवळजवळ पूर्णपणे नाकारली. तिच्या जागी पुढील सूत्रे दिसतात.

पहिले सूत्र म्हणजे प्रत्येक लेखाची मांडणी त्याच्या आशयानुसार नव्याने करणे. दोन व्यक्तींच्या मुलाखतीत प्रश्नकर्ता आणि उत्तर देणारा यांना भिन्न अक्षरवळणे मिळत. काही अंकांत दोन किंवा अधिक मजकूर एकाच पानावरून समांतर वाहत आणि कोणता आधी वाचावा हे वाचकाने ठरवायचे असे.

दुसरे सूत्र म्हणजे नव्या अक्षरवळणाची प्रत्यक्ष मजकुरात परीक्षा घेणे. अक्षरवळणांचे नमुने सहसा सुटी अक्षरे किंवा एखादे वाक्य छापून दाखवले जातात. एमिग्रेत ती संपूर्ण लेखांसाठी वापरली जात. इ.स. १९९१ मधील एकोणिसाव्या अंकासाठी बॅरी डेक यांचे ‘टेम्प्लेट गॉथिक’ वापरण्यात आले. कपडे धुण्याच्या सार्वजनिक दुकानातील, साच्याच्या साहाय्याने काढलेल्या एका पाटीवरून डेक यांना या अक्षरवळणाची कल्पना सुचली होती.

तिसरे सूत्र म्हणजे संपादक आणि कलादिग्दर्शक यांतील भेद मिटवणे. व्हँडरलान्स स्वतः मुलाखती घेत, त्या संपादित करत आणि त्यांची पाने लावत. मजकूर पानात बसत नसेल, तर मजकूर कमी करावा, अक्षर लहान करावे की पाने वाढवावीत, हा निर्णय एकच व्यक्ती घेई. संकल्पक हा दुसऱ्याच्या मजकुराचा केवळ सजावटकार नसून स्वतः आशयाचा निर्माता असू शकतो, या मताला या पद्धतीने बळ दिले.

या पद्धतीची किंमतही होती. नियम नसल्यामुळे प्रत्येक अंकाला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागे. शिवाय मांडणी एका व्यक्तीच्या दृष्टीवर अवलंबून राहिल्याने तिच्या आवडीनिवडी आणि चुका थेट पानावर उतरत.

अर्थव्यवहार

एमिग्रेच्या स्वातंत्र्याचा आधार अक्षरवळणांची विक्री हा होता. नियतकालिकात दिसलेली अक्षरे आपल्याला मिळतील का, अशी विचारणा वाचकांकडून होऊ लागल्यावर लिच्को आणि व्हँडरलान्स यांनी फॉन्ट विकण्यास आरंभ केला. अंक हेच फॉन्टचे नमुनापुस्तक झाले आणि फॉन्टच्या उत्पन्नातून अंकाचा खर्च भागू लागला. बाहेरच्या जाहिरातदाराची मर्जी सांभाळण्याची गरज त्यामुळे उरली नाही. पुढे इतर संकल्पकांचे फॉन्टही एमिग्रेतर्फे प्रसिद्ध झाले. कीडी यांचे ‘कीडी सान्स’, पी. स्कॉट मकेला यांचे ‘डेड हिस्टरी’ आणि जोनाथन बार्नब्रुक यांचे ‘मेसन’ ही त्यांतील ठळक उदाहरणे होत.

या व्यवस्थेला धोका होता तो अनधिकृत प्रतींचा. अमेरिकेच्या कायद्यानुसार अक्षराच्या आकाराला स्वामित्व हक्काचे संरक्षण मिळत नाही. संरक्षण मिळते ते फॉन्टच्या संगणकीय आज्ञावलीला. अडोबी कंपनीने दाखल केलेल्या खटल्यात कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने इ.स. १९९८ मध्ये अशा आज्ञावलीचे संरक्षण मान्य केले. एका फॉन्टची प्रत करण्यास काही क्षण पुरतात, परंतु तो घडवण्यास अनेक महिने लागतात. म्हणूनच फॉन्टवर जगणाऱ्या छोट्या प्रकाशकांसाठी हा प्रश्न अस्तित्वाचा होता.

वाचनीयतेचा वाद

एमिग्रेवर सर्वाधिक टीका झाली ती वाचनीयतेच्या मुद्द्यावर. न्यूयॉर्कमधील ज्येष्ठ संकल्पक मासिमो विन्येली यांनी इ.स. १९९१ मध्ये एमिग्रेच्या कामाची संभावना कचरा अशी केली. त्यांच्या मते चांगल्या छपाईसाठी मोजकी, काळाच्या कसोटीस उतरलेली अक्षरवळणे पुरेशी होती आणि नव्या अक्षरांचा पूर संस्कृतीला घातक होता. इ.स. १९९३ मध्ये समीक्षक स्टीव्हन हेलर यांनी ‘आय’ या ब्रिटिश नियतकालिकात लेख लिहून कुरूपतेचा पंथ निर्माण होत असल्याची टीका केली. तिचा मुख्य रोख क्रॅनब्रुकच्या विद्यार्थ्यांच्या कामावर असला, तरी एमिग्रेने पुढे आणलेल्या प्रवाहालाही ती लागू होत होती.

लिच्को यांनी या वादात मांडलेला मुद्दा पुढे बराच चर्चिला गेला. कोणतेही अक्षर मुळात वाचनीय किंवा अवाचनीय नसते. ज्या अक्षरांची सवय अधिक, ती अधिक सहज वाचली जातात, असे त्यांचे म्हणणे होते. आज अनेकांना अवजड वाटणारी ब्लॅकलेटर ही मध्ययुगीन वळणाची अक्षरे एकेकाळी युरोपात सर्रास वाचली जात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. मात्र सवयीच्या युक्तिवादाने सर्व आक्षेपांचे निरसन होत नाही. अतिशय लहान अक्षर, पार्श्वभूमीत मिसळणारी शाई किंवा एकमेकांवर छापलेल्या ओळी यांचा अडथळा सवयीने पूर्णपणे दूर होत नाही, आणि क्षीण दृष्टीच्या वाचकाला तो अधिक जाणवतो. दुसरीकडे, रेल्वेच्या वेळापत्रकाला आणि संकल्पकांसाठी काढलेल्या प्रायोगिक नियतकालिकाला एकच निकष लावणे योग्य नाही, असे एमिग्रेच्या समर्थकांचे प्रतिपादन होते. वादाचा गाभा अशा प्रकारे सौंदर्यापेक्षा वाचकाच्या हक्काशी निगडित होता: पान वाचकासाठी सुकर करणे हे संकल्पकाचे कर्तव्य आहे की वाचकाकडून प्रयत्नांची अपेक्षा ठेवण्याचा त्याला अधिकार आहे, हा तो प्रश्न होय.

दरम्यान एमिग्रेने रूढ केलेली अक्षरे जाहिराती, संगीतवाहिन्या आणि तरुणांसाठीच्या वस्तूंची वेष्टने यांवर दिसू लागली. इ.स. १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘रे गन’ या संगीतविषयक मासिकात डेव्हिड कार्सन यांनी विस्कळीत मांडणी अधिक मोठ्या वाचकवर्गापर्यंत नेली. बंडखोर म्हणून ओळखली गेलेली शैली काही वर्षांतच बाजाराची सवय झाली.

वादाचा शेवट अनपेक्षित होता. लिच्को यांनी इ.स. १९९६ मध्ये दोन ऐतिहासिक अक्षरवळणांवर आधारित फॉन्ट प्रसिद्ध केले. ‘मिसेस ईव्ह्ज’ हा अठराव्या शतकातील इंग्रज मुद्रक जॉन बास्करव्हिल यांच्या अक्षरांवर आधारलेला असून बास्करव्हिल यांची गृहव्यवस्थापिका आणि पुढे पत्नी झालेल्या सारा ईव्ह्ज यांचे नाव त्याला दिले आहे. ‘फिलॉसॉफिया’ हा बोडोनी या वळणाचा नवा अवतार होता. त्याची घोषणा करणारे भित्तिपत्रक विन्येली यांनीच तयार केले.

स्वरूपातील बदल

आरंभीचे अंक वर्तमानपत्राच्या निम्म्या पानाएवढ्या मोठ्या आकाराचे होते. इ.स. १९९५ मध्ये तेहतिसाव्या अंकापासून आकार लहान करण्यात आला आणि दृश्यप्रयोगांपेक्षा दीर्घ लेखांना अधिक जागा मिळू लागली. अवाचनीयतेचा आरोप झालेले नियतकालिक याच काळात प्रामुख्याने वाचण्यासाठी विकत घेतले जाऊ लागले. अ‍ॅन बर्डिक यांनी लेखन आणि डिझाइन यांच्या संबंधावर दोन अंकांचे अतिथी संपादन केले.

इ.स. १९९९ मध्ये एक्कावन्नाव्या अंकात ‘फर्स्ट थिंग्ज फर्स्ट २०००’ हा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. ब्रिटिश संकल्पक केन गारलंड यांच्या इ.स. १९६४ मधील जाहीरनाम्याचे हे नवे रूप होते. संकल्पकांनी आपले कौशल्य केवळ वस्तू खपवण्यासाठी न वापरता शिक्षण, संस्कृती आणि सामाजिक गरजांकडे वळवावे, असे आवाहन त्यात होते. त्यावर ३३ जणांच्या सह्या होत्या आणि त्यांत व्हँडरलान्स व लिच्को यांचाही समावेश होता. स्वतः फॉन्ट विकणाऱ्या प्रकाशकांनी विक्रयसंस्कृतीविरुद्ध सही करावी का, याविषयी संकल्पकांत मतभेद झाले.

इ.स. २००१ नंतरच्या काही अंकांसोबत संगीताच्या सीडी किंवा डीव्हीडी देण्यात आल्या. चौसष्टाव्या अंकापासूनचे अखेरचे सहा अंक प्रिन्स्टन आर्किटेक्चरल प्रेसच्या सहकार्याने छोट्या पुस्तकांच्या रूपात निघाले. इ.स. २००५ मधील एकोणसत्तराव्या अंकाने नियतकालिकाची समाप्ती झाली. फॉन्टचा व्यवसाय त्यानंतरही सुरू राहिला.

सन्मान आणि प्रभाव

व्हँडरलान्स व लिच्को यांना इ.स. १९९४ मध्ये क्रायस्लर पुरस्कार आणि इ.स. १९९७ मध्ये अमेरिकन ग्राफिक कला संस्थेचे पदक मिळाले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने इ.स. २०११ मध्ये २३ संगणकीय अक्षरवळणे आपल्या संग्रहात घेतली. त्यांत एमिग्रेने प्रसिद्ध केलेली ओकलंड, टेम्प्लेट गॉथिक, कीडी सान्स, डेड हिस्टरी आणि मेसन ही पाच होती. इ.स. २००९ मध्ये पंचवीस वर्षांच्या कामाचा आढावा घेणारे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याला सत्तरावा अंक असे म्हटले गेले.

संगणकावर अंकाची मांडणी आणि अक्षरजुळणी एका व्यक्तीने करणे आज सर्वसामान्य झाले आहे. इ.स. १९८४ मध्ये ते तसे नव्हते. उपलब्ध साधनाच्या मर्यादेतून रूप घडवणे, मजकूर आणि मांडणी यांचा एकत्रित विचार करणे आणि जाहिरातीऐवजी स्वतःच्या निर्मितीच्या विक्रीतून अंक चालवणे, या एमिग्रेने अवलंबलेल्या तीन गोष्टी नंतरच्या अनेक स्वतंत्र नियतकालिकांच्या कामात वेगवेगळ्या प्रमाणात आढळतात. वाचनीयतेविषयी त्याने उपस्थित केलेला प्रश्न मात्र निकाली निघालेला नाही आणि मुद्रणकलेच्या अभ्यासक्रमांतून तो अद्यापही चर्चिला जातो.